‘क्षुल्लक कारणावरून’ : पडद्यावरून नाहीशी होणारी मुलं

मराठी बातमीत शाळकरी मुलाच्या आत्महत्येसाठी एक ठरलेलं वाक्य आहे : ‘क्षुल्लक कारणावरून विद्यार्थ्याने टोकाचे पाऊल उचलले.’ पुढे कारण येतं. मोबाइल दिला नाही. आई रागावली. मार्क कमी पडले. बातमी सहा-सात ओळींची असते, त्यातली एक ओळ पोलीस ठाण्याचं नाव सांगण्यात जाते, आणि मुलाने जीव कशाने दिला हे बऱ्याचदा मथळ्यातच असतं. यातला ‘क्षुल्लक’ हा शब्द कुणाचा? मुलाचा तर नक्कीच नाही. तो बातमीदाराचा, ठाणे अंमलदाराचा, शेजाऱ्यांचा. कारण क्षुल्लक ठरलं की दोन कामं एकदम होतात. मूल हट्टी ठरतं आणि बाकीचे सगळे सुटतात.

या लेखात मला काही चित्रपटांबद्दल बोलायचंय : ‘शिक्षणाच्या आयचा घो’, ‘छिछोरे’, ‘विहीर’, ‘कासव’, आणि शेवटी एक कोरियन चित्रपट. प्रत्येकात एक कोवळं किंवा तरुण माणूस मरणाच्या दिशेनं जातं. या चित्रपटांना मी एकच प्रश्न विचारणार आहे : बातमीतल्या त्या वाक्याच्या पलीकडे तुम्ही गेलात का? (कथानकं उघड होतील. ज्यांनी पाहिलेले नाहीत त्यांनी आधी पाहून यायला माझी हरकत नाही. आणि हा विषय सध्या ज्यांना जड जातोय त्यांनी लेख अर्धा सोडला तरी चालेल. टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.)

प्रश्न माझ्या डोक्यात आला तो सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमुळे. मी मोशीत राहतो. २०२४ च्या पावसाळ्यात पिंपरी-चिंचवडमधल्या एका शाळकरी मुलाच्या मृत्यूची बातमी देशभर गेली आणि बातम्यांनी लगेच एका मोबाइल गेमकडे बोट दाखवलं. आमच्या ग्रुपवर रात्री अकरापर्यंत निकाल लागला होता. गेम. दुसऱ्या दिवशी सूचना फिरली : पालकांनी रात्री नऊनंतर मुलांचे मोबाइल काढून घ्यावेत. त्याखाली कुणीतरी ‘छिछोरे’मधली क्लिप टाकली, तिला सदतीस अंगठे आले. हे सगळं काळजीपोटीच झालं, टिंगल करावी असं त्यात काही नाही. पण त्या मुलाच्या घराची, शाळेची, मित्रांची, झोपेची, मनाची कुणालाच काही माहिती नसताना गोष्ट पूर्ण झाली होती. खलनायक सापडला होता, उपाय सापडला होता, वर पार्श्वसंगीतासकट क्लिपही होती.

गेमचा हा खेळ नवा नाही. २०१७ मध्ये ‘ब्लू व्हेल’ नावाच्या भुताने मुंबईपासून खेड्यापर्यंत पालकांची झोप उडवली होती. शाळांनी परिपत्रकं काढली, सरकारने लिंक काढून टाकायचे आदेश दिले. पुढे २०१८ च्या सुरुवातीला केंद्र सरकारनेच लोकसभेत सांगितलं की तपासलेल्या मृत्यूंमागे हा गेम असल्याचा पुरावा मिळालेला नाही. ही बातमी आमच्या ग्रुपवर आल्याचं मला आठवत नाही. भूत आलं तेव्हा वाजतगाजत आलं, गेलं तेव्हा मागच्या दाराने.

माझे बाबा चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटीत आहेत. त्यांच्याकडे एखादा पार्ट ग्राहकाकडून परत आला की ‘व्हाय-व्हाय’ भरावा लागतो. का झालं, ते का झालं, असं पाच वेळा विचारायचं. मोठी तक्रार असेल तर फिशबोन काढायचा : माशाच्या सांगाड्यासारखी आकृती, डोक्याशी दोष आणि प्रत्येक काट्यावर एकेक कारण. माणूस, मशीन, माल, पद्धत, मोजमाप, वातावरण. मी त्या दिवशी सहज विचारलं की कुणी नुसतं ‘ऑपरेटरची चूक’ लिहून फॉर्म पाठवला तर?

“परत पाठवतो,” बाबा म्हणाले. “ते कारण नाही, ते नाव आहे.”

आमच्या पट्ट्यात निम्म्या घरांमध्ये असा माणूस आहे जो कारखान्यात एक कारण चालवून घेत नाही. तोच संध्याकाळी घरी येऊन ग्रुपवर लिहितो : मोबाइल. पोर म्हणजे पार्ट नव्हे, हे मलाही कळतं. आकृती काढून कुणाचं दुःख उलगडत नाही. पण निदान ‘एकच काटा असलेला मासा नसतो’ एवढी शिस्त तरी कारखान्यातून घरी यायला हरकत नव्हती.

काटे कुठले असतात, हे थोडंफार माहीत आहे. त्यासाठी आधी कोरियाला जाऊ. आमच्या पट्ट्यात कोरिया तसा परका राहिलेला नाही. तळेगावचा जनरल मोटर्सचा कारखाना ह्युंदाईने घेतला, आणि निगडीच्या बसमध्ये कॉलेजच्या मुली सबटायटलशिवाय ड्रामा समजतो असं सांगतात ते खोटं नसावं. श्रीमंत देशांत आत्महत्येचं सर्वाधिक प्रमाण असलेला हा देश. त्याने २००५ पासून एक गोष्ट नेटाने केली : दरवर्षी सातवी ते बारावीच्या वयाच्या हजारो मुलामुलींना शाळेतच कॉम्प्युटरसमोर बसवून नाव न घेता विचारायचं. गेल्या वर्षभरात मरावं असं गंभीरपणे वाटलं का? सलग दोन आठवडे रोजची कामं सुटतील इतकं उदास वाटलं का? झोप किती? मारहाण झाली का? घरची परिस्थिती कशी वाटते? त्या आकड्यांवर शेकडो शोधनिबंध निघाले. परत परत दिसतं ते असं : दीर्घ उदासी, अपुरी झोप, दारू-सिगारेट, छळ आणि हिंसा, घरची तंगी, स्वतःच्या शरीराबद्दलची नावड, अभ्यासात मागे पडल्याची भावना. आणि मुलग्यांपेक्षा मुलींमध्ये असे विचार जास्त. परीक्षा आहेच त्यात. पण ती अनेक काट्यांतला एक आहे.

कोरिया लांब वाटत असेल तर गोवा घ्या. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यातल्या गावांत आणि शहरांत १६ ते २४ वयाच्या ३,६६२ मुलामुलींशी बोलून केलेला अभ्यास २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. मागच्या तीन महिन्यांत आत्महत्येचे विचार किंवा प्रयत्न सांगणारे सुमारे चार टक्के निघाले, आणि त्यात मुलींचं प्रमाण मुलांच्या कितीतरी पट. कशाशी जोडलेलं दिसलं? शाळा-कॉलेजात न जाणं, शारीरिक मारहाण, लैंगिक अत्याचाराचा अनुभव, नैराश्य आणि चिंतेचे आजार. ‘मार्क’ आणि ‘मोबाइल’ या दोन शब्दांत हे बसत नाही.

आपल्याकडे दरवर्षी विचारणारी अशी पाहणी नाही. आपल्याकडे दरवर्षी येतो तो राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा अहवाल. म्हणजे आपला डेटा मूल गेल्यावर सुरू होतो, आणि कारणाच्या रकान्यात काय जाणार ते ठाण्यात ठरतं. २०२२ च्या अहवालात देशात १३,०४४ विद्यार्थ्यांच्या आत्महत्या आहेत. त्यातल्या १,७६४ महाराष्ट्रातल्या, सगळ्या राज्यांत जास्त. याच अहवालात सर्व वयांच्या आत्महत्यांमध्ये ‘परीक्षेतील अपयश’ या रकान्याचा वाटा सव्वा टक्क्याच्या आसपास आहे आणि ‘कौटुंबिक समस्या’ या रकान्याचा एकतीस टक्क्यांहून जास्त. हा दुसरा रकाना म्हणजे बंद दार आहे. आत काय झालं ते अहवाल सांगत नाही.

गोष्टींनी, चित्रपटांनी हे दार उघडायचं असतं. त्यांनी ते उघडलं का?

‘शिक्षणाच्या आयचा घो’ जानेवारी २०१० मध्ये आला. महिना लक्षात ठेवण्यासारखा आहे. ‘३ इडियट्स’ नुकताच लागला होता आणि महाराष्ट्रात विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांच्या बातम्या एकापाठोपाठ एक येत होत्या. महेश मांजरेकरांना काळाचा सूर बरोबर सापडला होता. भरत जाधवने केलेला मधुकर राणे हा बाप आमच्या आकुर्डी-चिखलीत गल्लोगल्ली भेटेल : पगार थोडा, स्वप्न एक, आणि ते स्वप्न पोराच्या दप्तरात भरलेलं. पोराला, सक्षम कुलकर्णीच्या श्रीनिवासला, क्रिकेट येतं. अभ्यास येत नाही. एके दिवशी बाप संतापून त्याला मारतो आणि मुलगा कोमात जातो.

इथपर्यंत चित्रपट निर्दय आणि खरा आहे. नंतर तो बापाला घेऊन शिक्षणव्यवस्थेवर चालून जातो. बाप भाषण करतो, लोक जमतात, व्यवस्था खजील होते, आपण टाळ्या वाजवतो. मी कॉलेजात असताना हा चित्रपट पाहिला होता आणि टाळ्या वाजवणाऱ्यांत होतो. आता पाहताना ध्यानात येतं की पुरावा पडद्यावर समोर आहे आणि पकडला भलताच आरोपी. मुलाला अभ्यासक्रमाने मारलं नाही. त्याला बापाने मारलं. गोव्याच्या अभ्यासातला काटा, मारहाण, चित्रपटाने स्वतःच दाखवला आणि मग व्यवस्थेच्या मोठ्या शब्दाखाली झाकून टाकला. व्यवस्था निर्दोष आहे असं नाही. २०१५ पासून दहावीत नापास झालेल्यांसाठी जुलैतच फेरपरीक्षा सुरू झाली, त्याने वर्ष वाचलं, एक काटा नक्की बोथट झाला. पण व्यवस्थेला दोष देणं कुणालाच महाग पडत नाही. थिएटरमधून घरी जाताना प्रत्येक बाप मधुकर राण्याच्या बाजूने असतो, आणि त्याच्या हाताबद्दल विचार करायची वेळच त्याच्यावर येत नाही.

‘छिछोरे’ (२०१९) जास्त चलाख आहे. जेईईत अपयश आल्यावर मुलगा जीव द्यायचा प्रयत्न करतो, हॉस्पिटलात पडलेला असताना बाप आणि त्याचे जुने दोस्त त्याला होस्टेलमधल्या आपल्या ‘लूझर’ दिवसांची गोष्ट सांगतात. त्यात एक जागा फार चांगली आहे. बापाला जाणवतं की पास झाल्यावर काय करायचं हे आपण पोराशी ठरवलं होतं, नाही झालं तर काय, हे कधी बोललोच नाही. ग्रुपवर आलेली क्लिप त्याच आसपासची होती आणि सदतीस अंगठे वाया गेले असं मी म्हणणार नाही. माझी अडचण वेगळी आहे. चित्रपटाचा तीन चतुर्थांश वेळ बापाच्या तरुणपणाला जातो. मुलगा पलंगावर आहे, बोलणारा बाप आहे. त्या मुलाला आणखी काय होत होतं, रात्री झोप येत होती का, एखादा मित्र होता का, हे आपल्याला शेवटपर्यंत कळत नाही. मरणाच्या दारातून परतलेल्या मुलाने आधी काय करायचं? तर बापाच्या आठवणी ऐकायच्या. पुढे जून २०२० मध्ये त्यात बापाचं काम करणाऱ्या सुशांतसिंह राजपूतच्या मृत्यूनंतर वाहिन्यांनी जे केलं, त्याआधी वर्षभरही झालं नव्हतं प्रेस कौन्सिलने आत्महत्येच्या वार्तांकनाची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारून. साधन सांगू नका, एक कारण देऊ नका, वारंवार दाखवू नका. कुणाला आठवली नाहीत.

ही तत्त्वं हवेतून आलेली नाहीत. गटेची ‘वेर्थर’ ही कादंबरी १७७४ ची. तिच्या नायकाचं अनुकरण होतंय अशी भीती तेव्हाच युरोपात पसरली होती, म्हणून बातम्यांमुळे होणाऱ्या अनुकरणाला ‘वेर्थर परिणाम’ म्हणतात. तो सगळ्यांना माहीत असतो. त्याचा भाऊ कमी माहीत असतो. व्हिएन्नातल्या नीडरक्रोटेन्टालर आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ऑस्ट्रियन वर्तमानपत्रांतल्या बातम्या तपासून मांडलं की ज्या मजकुरात मरणाच्या विचारापर्यंत गेलेला माणूस कसा सावरला हे येतं, त्यानंतर आत्महत्या कमी झालेल्या दिसतात. याला त्यांनी मोझार्टच्या ‘मॅजिक फ्लूट’मधल्या पापागेनोचं नाव दिलं. प्रेम हरवलं म्हणून जीव द्यायला निघालेल्या पापागेनोला तीन मुलं आठवण करून देतात की तुझ्याकडे जादूच्या घंटा आहेत, त्या वाजव. एवढंच. ती मुलं भाषण देत नाहीत, होस्टेलच्या गोष्टी सांगत नाहीत.

म्हणजे समीक्षकाला एक साधं मोजमाप मिळालं : या गोष्टीत घंटा आहे का, आणि ती कोण वाजवतं?

‘विहीर’मध्ये घंटा नाही. उमेश कुलकर्णींचा, गिरीश कुलकर्णी आणि सती भावे यांनी लिहिलेला हा चित्रपटही २०१० मधलाच. समीर आणि नचिकेत हे मावसमामेभावांच्या जातीचे घट्ट मित्र. सुट्टीत घर भरलंय, लग्न आहे, मोठी माणसं कामात आहेत. समीर पोहणारा. नचिकेत प्रश्न विचारणारा, सगळं सोडून जावं असं बोलणारा. आणि मग विहिरीतून नचिकेत परत येत नाही. हा अपघात होता की ठरवून, हे चित्रपट सांगत नाही. उरलेला चित्रपट समीरचा शोध आहे.

इथे ‘क्षुल्लक कारण’ नाही, कारणच नाही, आणि कारण न देण्याची ही हिंमत मराठीत दुर्मीळ आहे. मागे राहिलेल्या मुलाचं काय होतं हे इतक्या जवळून मी दुसऱ्या कुठल्या मराठी चित्रपटात पाहिलेलं नाही. वर्गातलं एखादं मूल गेलं की शाळा दोन मिनिटं शांतता पाळते आणि तिसरा तास सुरू होतो. ‘विहीर’ तो तिसरा तास आहे. तरी एक गोष्ट टोचते. नचिकेतचं बोलणं इतकं सुंदर, इतकं तत्त्वज्ञ आहे की प्रेक्षक त्याच्या खोलीवर भाळतो. चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा वारंवार ‘निघून जावं’ असं बोलतो, हे काव्य नाही. तो निरोप आहे आणि तो ऐकणारं माणूस फक्त त्याच्याच वयाचं आहे. चित्रपटाला हे दिसतं, म्हणून मोठ्यांची लगबग तो सतत मागे चालू ठेवतो. पण आपण प्रेक्षक बाहेर पडताना मृत्यू आणि अस्तित्व वगैरे बोलत बाहेर पडतो. ‘कोसला’पासून (१९६३) मराठीत तरुण मुलग्याच्या रिकामपणाला एक प्रतिष्ठा आहे. तिचा फायदा साहित्याला झाला, मुलग्यांना किती झाला याबद्दल मी साशंक आहे.

नचिकेतचं काम आलोक राजवाडेने केलं होतं. सात वर्षांनी तोच आलोक राजवाडे ‘कासव’मध्ये आत्महत्येचा प्रयत्न करून हॉस्पिटलातून पळालेला तरुण झाला. हा योगायोग असेल, पण एकामागोमाग एक पाहिले की अंगावर येतो : जो मुलगा विहिरीतून वर आला नाही तो मोठा होऊन रस्त्यावर सापडतो, आणि या वेळी कुणीतरी गाडी थांबवतं.

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘कासव’ला २०१७ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय पुरस्कारांत सुवर्णकमळ मिळालं. त्याचे निर्माते आणि त्यातले दत्ताभाऊ म्हणजे डॉ. मोहन आगाशे, जे स्वतः मनोविकारतज्ज्ञ आहेत. याच मंडळींचा ‘देवराई’ स्किझोफ्रेनियावर होता. अशा चित्रपटाची भीती वाटते, कारण तज्ज्ञ जवळ असले की पात्रं माहितीपत्रकासारखी बोलू लागतात. ‘कासव’ यातून वाचतो, कारण त्याने ठरवलंय की विचारायचं नाही. इरावती हर्षेची जानकी स्वतः नैराश्यातून गेलेली आहे. ती तापाने फणफणलेल्या त्या अनोळखी तरुणाला कोकणातल्या घरी आणते. का केलंस, कोण आहेस, आईवडील कुठे आहेत, यातलं काही त्याच्या मागे लागून विचारत नाही. जेवण, अंथरूण, आसपास माणसं. तो कुणाशी धड बोलत नाही तेव्हाही जेवण येतं. किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची घरटी जपली जात असतात. मादी अंडी घालून समुद्रात परत जाते, माणसं घरट्याला कुंपण करतात, आणि पिल्लं बाहेर आली की पाण्यापर्यंतचं अंतर त्यांना स्वतः चालू देतात. उचलून पाण्यात टाकत नाहीत.

ही उपमा जरा जास्तच नीट बसते, हे मान्य. दुसऱ्यांदा पाहताना मला तिच्यावरचा जोर खटकला. पण आशय अचूक आहे. घंटा आहे, आणि ती वाजवणारा माणूस भाषण देत नाही. कारण शोधायची घाई नाही, कारण या चित्रपटात कारण हे जगण्याच्या आधी येत नाही, नंतर कधीतरी येतं. मधुकर राणे आणि ‘छिछोरे’चा बाप जे करू शकत नाहीत, गप्प बसणं, ते जानकी करते.

मग आडवा येतो तो बंगला. जानकीकडे गाडी आहे, यदू ड्रायव्हर आहे, समुद्र आहे आणि वेळ आहे. चाकणमध्ये कंत्राटावर असलेला बाप आणि तळवड्याच्या छोट्या शॉपमध्ये पॅकिंग करणारी आई यांच्याकडे वन आरके आहे आणि शिफ्ट आहे. बाप सेकंड शिफ्टहून रात्री बाराला येतो, आई सकाळी साडेसातला निघते. लातूर, बुलढाणा, जळगावहून आलेल्या या घरांत आजी गावाला राहिली. मुलाशी गप्प बसायलाही घरात कुणीतरी असावं लागतं. मोबाइल काढून घ्या म्हणणाऱ्या सूचनेचं मला म्हणूनच हसू येत नाही. या घरांत दुपारी तीन वाजता मोबाइल हीच सोबत असते, आणि ती काढून घेतल्यावर त्या जागी काय ठेवायचं हे सूचनेत लिहिलेलं नसतं. ‘कासव’ची ही मर्यादा दिग्दर्शकांची चूक नाही. त्यांनी आपल्या माहितीतलं जग दाखवलं. पण जानकीला मोशीत आणायचं तर ती कोण असेल? शाळेतली एखादी बाई, जिच्या वर्गात साठ पोरं आहेत? क्लासचा सर, ज्याच्या फ्लेक्सवर फक्त नव्वद टक्क्यांच्या पुढचे चेहरे लागतात? खालच्या मजल्यावरच्या काकू? हा चित्रपट कुणी केलेला नाही.

आणि आता ती गोष्ट, जी या चारही चित्रपटांना लागू आहे. श्रीनिवास, राघव, नचिकेत, ‘कासव’मधला तरुण. सगळे मुलगे. गोव्याचा अभ्यास मुलींबद्दल काय सांगतो ते वर आलंय, कोरियाची पाहणी दरवर्षी तेच सांगते. आपल्या गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या आकड्यांतही अठरा वर्षांखालच्या गटात मुलांपेक्षा मुलींच्या आत्महत्या जास्त आहेत. मग आपल्या गोष्टींत मुलगी कुठे आहे? बातमीत असते, ‘प्रेमप्रकरण’ नावाच्या रकान्यात. त्या एका शब्दात तिला झालेली मारहाण, तिचा फोन तपासला जाणं, शाळा बंद करून लग्नाची बोलणी सुरू होणं, कुणी केलेली जबरदस्ती, काहीही मावू शकतं. मुलग्याचा जीव गेला तर आपण निकालपत्र उघडतो. मुलीचा गेला तर तिचं चारित्र्य.

२०१० मधलाच तो कोरियन चित्रपट, ली चांग-डोंगचा ‘पोएट्री’. कानला त्याला पटकथेचा पुरस्कार मिळाला. सुरुवातीलाच एका शाळकरी मुलीचा मृत्यू आपल्याला कळतो. तिच्यावर शाळेतल्या सहा मुलांनी बरेच महिने अत्याचार केले होते. मुलांचे बाप जेवणाच्या टेबलावर बसून मुलीच्या आईला किती रक्कम द्यायची ते ठरवतात. शांतपणे, वाजवी आवाजात. एखाद्या व्हेंडर मीटिंगसारखे. सहापैकी एका मुलाला सांभाळणारी आजी, मिजा, एवढी एकटीच त्या टेबलावरून उठून बाहेर जाते. तिला विसरण्याचा आजार लागलाय आणि ती कवितेच्या वर्गाला जाते. कविता लिहायची तर नीट बघावं लागतं असं तिला शिकवलेलं आहे, म्हणून ती त्या मुलीचा फोटो बघते, तिच्या आईला भेटायला शेतात जाते, ती जिथे जिथे गेली तिथे जाते. चित्रपट एकदाही विचारत नाही की मुलीने असं का केलं. कारण सगळ्यांना माहीत आहे, टेबलावर त्याची किंमत ठरतेय. तो विचारतो, तिच्याकडे बघितलं कुणी?

‘पोएट्री’त पापागेनोची घंटा नाही, मुलगी वाचत नाही. पंधरा वर्षांच्या कुणाला हा एकटीने बघायला मी सांगणार नाही. पण टेबलाभोवतीच्या बापांना दाखवावा असं मात्र सारखं वाटतं. कोरियन गोष्टींचं कौतुक करताना हेही सांगायला हवं की गोष्ट चांगली असली म्हणून समाज ऐकतोच असं नाही. ‘स्काय कॅसल’ ही मालिका (२०१८-१९) मेडिकल प्रवेशाच्या वेडापायी उद्ध्वस्त होणाऱ्या श्रीमंत घरांची होती. ती गाजली, आणि तिच्यात मुलीसाठी दाखवलेल्या, डब्यासारख्या बंदिस्त अभ्यासाच्या टेबलाला बाजारात मागणी वाढली.

‘पोएट्री’च्या शेवटी मिजा पडद्यावरून नाहीशी होते. तिने लिहिलेली कविता आधी तिच्या आवाजात ऐकू येते, मग आवाज बदलतो आणि ती मुलगी बोलू लागते. दोन-सव्वादोन तास जिच्याबद्दल सगळे बोलत होते, ती पहिल्यांदा दिसते. पाठमोरी उभी असते. मग वळते आणि थेट आपल्याकडे बघते.